फुंकरमास्तरांच्या डोळ्यातली काच

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट, बुटक्या छताची खोली आहे. डावीकडे मोठी खिडकी. उजव्या भिंतीला फळ्यांवर आडव्या रचलेल्या काचेच्या नळ्या, काही करंगळीएवढ्या, काही मनगटाएवढ्या. मधोमध लोखंडी टेबल, त्यावर निळी ज्योत ओकणारा बर्नर. कोपऱ्यात विटांची एक बसकी भट्टी. ती तापवायला नाही, निववायला. घडवलेली काच एकदम गार पडली तर तडकते, म्हणून तिला त्या भट्टीत सावकाश, तिच्या कलाने निवू द्यायचं असतं. टेबलामागे स्टुलावर एक गृहस्थ बसलेले. गाल सैल, ओठ नेहमी थोडे पुढे आलेले, जणू आत्ताच कुणाच्या जखमेवर फुंकर घालून झाली आहे.

हे फुंकरमास्तर. खरं नाव त्यांच्या बायकोलाही घ्यायची सवय नव्हती. कॉलेजांच्या प्रयोगशाळांना आणि औषधांच्या कारखान्यांना लागणारी काचेची पात्रं ते फुंकून घडवत. आमच्या नाट्यगृहाचं मागचं दार त्यांच्याच गल्लीत उघडायचं. तालमीत माझा प्रवेश लांबला की मी त्या दारातून सटकून त्यांच्याकडे ऊब घ्यायला जायची. कधी तर डोक्यावर मुकुट तसाच. मास्तर उठून उभेबिभे राहत नसत.

"या राणीसाहेब," ते नळीवरची नजर न काढता म्हणायचे. "तुमच्या दरबारात कायम हिवाळाच असतो वाटतं?"

बस, एवढंच. फुंक बोलण्यात घालवायची नाही, असा त्यांचा बाणा. त्यांच्यासमोर दुसऱ्या बर्नरवर त्यांची लेक काम करायची. लग्न होऊन, मोडून, परत येऊन तिने बापाचा धंदा उचलला होता आणि बापाइतकीच कमी बोलायची. त्या दोघांचं गप्प बसणं मला आमच्या नाटकातल्या कितीतरी संवादांपेक्षा आवडायचं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मास्तरांचा उजवा डोळा तरुणपणीच उडालेल्या कपचीने अधू झाला होता. त्यातून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. जे काही जग होतं ते डाव्या डोळ्यात.

त्या दिवशी मी चहाचा कप हातात घेऊन भट्टीपाशी बसले होते. नळ्यांचा नवा माल आला होता. मास्तरांनी एक नळी उचलली, खिडकीकडे धरली, बोटांत फिरवली.

"केस आहे."

काच ओढताना कधीकधी तिच्या आत एखादी बारीक रेघ राहून जाते. मास्तर तिला केस म्हणत. अशी नळी ज्योतीवर धरली की त्या रेघेपाशीच दगा देते. त्यांनी ती बाजूला टाकली. दुसरी उचलली. "केस." तिसरी. "हिच्यातही." बघता बघता पायाशी नळ्यांचा ढीग झाला. मग त्यांनी माल पाठवणाऱ्याला फोन लावला, आणि कधी नव्हे ती फुंक खर्ची घातली.

"काच पाठवलीय की न्हाव्याच्या दुकानातला केर? अहो, एक नळी धड नाही! टक्कल पडलेली काच मिळत नाही का तुमच्याकडे?"

मी हसून हसून चहा सांडला. लेकीने मात्र ज्योत बारीक केली, ढिगातली एक नळी उचलून खिडकीशी नेली आणि पुष्कळ वेळ पाहिली.

"बाबा, हिच्यात काही नाही."

"डोळे तपासून घे स्वतःचे."

"दुसरीतही नाही. बघा तुम्ही."

मास्तरांनी नळी हिसकावून घेतली, उजेडाला धरली आणि विजयाने मान हलवली. केस होता. मग त्यांनी नळी खाली घेतली, आणि हात तसाच राहिला. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली, भिंतीवरून छताकडे, छतावरून लेकीच्या तोंडाकडे. एखादी माशी उडताना पाहावी तशी ती नजर फिरत होती. खोलीत माशी नव्हती.

हात लांब करून त्यांनी बर्नर बंद केला. भरदुपारी तो बर्नर बंद झालेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

*

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी बायकोबरोबर मलाही नेलं. "बोलायला चला," म्हणाले. "माझी तिथे वाचा बसेल."

डॉक्टरबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी थेंब घातले, दिव्याने डोळ्यात डोकावून पाहिलं आणि टेबलावरचा प्लॅस्टिकचा डोळा उघडून दाखवला. "हा जो आतला सगळा गोल भरलाय ना, त्याला काचाभ द्रव म्हणतात. वय झालं की तो आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटू लागतो. तुम्हाला केस दिसतो ती त्याचीच सावली. त्याचं एवढं काही नाही. पण सुटताना त्याने पडद्याला कडेला जरासं फाडलंय. ते आजच बंद करू. लेझरने."

"म्हणजे काय करणार?" मी विचारलं.

"प्रकाशाचे बारीक चटके. टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत."

मास्तर पहिल्यांदा बोलले. "आणि बाकीचा डोळा? गार?"

"अगदी गार! त्याला पत्ताही लागणार नाही," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. त्यांना धीरच द्यायचा होता.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "उद्या येतो."

"उद्यावर टाकू नका. ठिणग्या दिसल्या, किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं, तर जेवत असाल तर ताट सोडून या!" डॉक्टरबाईंचा आवाज जिन्यापर्यंत आमच्या मागे आला.

गल्लीच्या तोंडाशी मी माझ्या तालमीला गेले आणि ते घरी. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी जाऊन आले असतील. आमच्या नाटकाचा पहिला प्रयोग तोंडावर होता. मी पुन्हा चौकशी केली नाही. आठवडा उलटला, आणि एका सकाळी रंगपटाच्या दारात मास्तरांच्या बायको, आमच्या वहिनी, उभ्या राहिल्या. केसांना तेल नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ताई, जरा चला. हे भट्टीपाशी बसून राहिलेत. कुणाचं ऐकत नाहीत."

*

मास्तर खरंच भट्टीला टेकून बसले होते. डोक्याभोवती लोकरीची शाल घट्ट गुंडाळलेली, मान ताठ, हात मांडीवर. देवळातली मूर्तीसुद्धा इतकी स्थिर नसते. शिंक येऊ नये म्हणून खिडकी बंद, खोकला येऊ नये म्हणून चहा कोमट. मान वळवायची झाली तर ते सगळं अंग वळवत होते.

"हे काय मास्तर? दवाखान्यात गेला नाहीत?"

"हळूहळू निवू देतोय," ते ओठांच्या कडेने म्हणाले. "ताण असेल तो आपोआप जाईल."

"अहो, डोळा म्हणजे काय बाटली आहे?" वहिनी कळवळून म्हणाल्या.

मास्तरांनी लेकीकडे बोट केलं. "पोरी, जाड नळी घे. गार आहे ना? लाव ज्योत. एकाच ठिकाणी. टाचणीएवढ्या."

"बाबा, कशाला ते..."

"लाव."

तिने नळी चिमट्यात धरली आणि ज्योतीचं निळं टोक तिला नेमकं एका ठिकाणी लावलं. क्षणभर काही झालं नाही. मग टक् असा आवाज आला. एवढासा, बोट मोडल्यासारखा. आणि नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरत गेली. मी मागे सरकले. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"हे," मास्तर म्हणाले, "हे मी डोळ्यात करून घेऊ? एकुलत्या एक डोळ्यात?"

मी म्हटलं, "पण मास्तर, ती काच थोडीच आहे? डॉक्टरबाई काचाभ म्हणाल्या, म्हणजे काचेसारखी."

"आमच्याकडे नाव वागणुकीवरून पडतं, राणीसाहेब. लवकर वितळते ती मऊ काच. ज्योतीला दाद देत नाही ती कडक काच. हात भाजून घेतल्याशिवाय कुणी नाव ठेवत नाही. मग त्या डोळ्यातल्या वस्तूला शहाण्यासुरत्या माणसांनी काचेचं नाव उगाच दिलं? काहीतरी पाहिलंच असेल त्यांनी. तडकताना पाहिलं असेल."

मी उठून त्यांच्या डावीकडे गेले, शाल नीट करायला. हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्याला लावला. ते केवढ्याने दचकले! मी सांगते, मी उभं आयुष्य विंगेतून माणसं येता-जाताना पाहण्यात घालवलं आहे. कुणाला कोण येताना दिसलं आणि कोण नाही, हे मला पाठीवरून कळतं. मी त्यांच्या धड डोळ्यासमोरूनच आले होते.

मी हलक्या आवाजात विचारलं, "मास्तर, मी आले ते दिसलं नाही तुम्हाला?"

त्यांनी शाल आणखी आवळली. मग म्हणाले, "पडदा येतोय. डाव्या अंगाने, खालून वर. काल कपाएवढा होता. आज तुम्ही सगळ्याच्या सगळ्या त्याच्या मागे होता."

पडदा पडताना मी हजारदा पाहिला आहे. त्या वेळी समोर टाळ्या असतात, आणि विंगेत दोरी धरून उभा असलेला आपला माणूस असतो. त्याला हाताने खूण केली की तो थांबतो. ह्या पडद्याची दोरी कुणाच्या हातात होती?

लेकीने बर्नर बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा वहिनी, ज्यांना मी त्या घरात मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं, त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, इतकी वर्षं तुमची फुंकर ऐकली. आता माझं ऐका. तडकला तर तडकला. माझ्या हातून बरणी पडली असं समजा आणि मला बोला जन्मभर. पण उठा."

ते उठले. पण कसे? दोन्ही हातांनी डोकं धरून, भरलेली घागर नेत असल्यासारखे. गाडीतही प्रत्येक खड्ड्याला ते श्वास रोखून धरत. वहिनींनी त्यांचं कोपर धरलं होतं, मी वहिनींचा हात धरला होता, आणि कोण कुणाला आधार देतंय ते कुणालाच कळत नव्हतं.

*

डॉक्टरबाईंनी ह्या खेपेला तपासलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. भरभर बोलणारी ती बाई गप्प झाली, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

"लेझरने भागण्याची वेळ गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "पडदा सुटलाय. सुटणं मध्यापर्यंत पोचलेलं नाही, अजून. आजच ऑपरेशन. आतला काचाभ द्रव काढून घ्यायचा, त्या जागी वायूचा फुगा भरायचा. फुगा पडद्याला दाबून धरेल."

"काढणार?" मास्तरांनी बाकाची कड धरली. "फोडून काढणार?"

"काका..."

"नाही. मी येत नाही." त्यांची बोटं पांढरी पडली होती. मी बोलले, वहिनी रडल्या, लेक पाया पडली. मास्तर बाकाला चिकटून बसले होते. हट्टाने नव्हे हो, भीतीने. बुडणारा माणूस ओंडक्याला धरतो तसे.

डॉक्टरबाईंनी क्षणभर त्यांच्या बोटांकडे पाहिलं. कातडीवर ठिकठिकाणी भाजल्याचे जुने डाग. "तुमचं काम कशाचं, काका?"

"काचेचं," लेक म्हणाली, आणि तिने भट्टी, शाल, टक् असा आवाज, सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "मी ह्यांना गार म्हणाले! या माझ्याबरोबर. चार पावलं. फक्त एक वस्तू हातात घेऊन पाहा."

शेजारच्या खोलीत शिकाऊ डॉक्टर टाके घालण्याचा सराव करत. त्यासाठी खाटकाकडून आणलेले बोकडाचे डोळे ट्रेमध्ये ठेवले होते. मी दारातच थांबले. डॉक्टरबाईंनी एक डोळा चिरला आणि आतला पारदर्शक गोळा मास्तरांच्या तळहातावर ठेवला.

मास्तर शहारले. मग, काय सांगू, त्यांच्या हातांना राहवेना. त्यांनी तळहात कलता केला. गोळा अंड्याच्या पांढऱ्यासारखा घसरला, पण सांडला नाही. त्यांनी तो चिमटीत धरून ताणला. तो लांबला. खिडकीकडे धरला. त्यातून उजेड निखळ आरपार आला.

"ही कधी भट्टीजवळ गेलेलीच नाही," ते पुटपुटले. "मग काच का म्हणता?"

"फार जुने ग्रीक वैद्य होते. त्यांनी डोळा चिरला आणि आत हे पाहिलं. त्यांच्या भाषेत काचेला हायलॉस म्हणत. काचेसारखं दिसतं म्हणून त्यांनी तसंच नाव दिलं. लॅटिनवाल्यांनी त्यांच्या काचेचा शब्द वापरला. आपण काचेला आभा जोडली आणि काचाभ म्हटलं. आभा म्हणजे नुसती झाक. सांध्यात हाडाच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तीही काचेसारखी चमकते, म्हणून तीही काचाभ. शरीरात काच कुठेच नाही, काका. कुणी तिला तडकताना पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच, की हिच्यातून पलीकडचं दिसतं."

"म्हणजे नुसत्या दिसण्यावरून नाव?"

"नुसत्या दिसण्यावरून."

मास्तरांनी गोळा परत ट्रेमध्ये ठेवला. "आमच्यात असलं नाव लावून माल पाठवला तर परत येतो," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "तडकत नाही. पण फाडते."

"हो. आणि फाटलेलं जोडता येतं. तडकलेलं तुम्हालाही जोडता येत नसेल. म्हणून तर घाई करतेय." त्यांनी ट्रे झाकला. "किती दिसेल ते आज सांगत नाही. भट्टीपाशी गेलेले दिवस मला परत आणता येणार नाहीत."

मास्तरांनी हात धुतले. शाल काढून बायकोच्या हातात दिली. "चला," म्हणाले, आणि पहिल्यांदा डोकं न धरता चालले.

बाहेर बाकावर वहिनी ती शाल घडी करत, उलगडत, पुन्हा घडी करत बसल्या. "ताई, काहीतरी बोला ना. तुमच्या एखाद्या राणीचं," त्या म्हणाल्या. मी किती राण्या केल्या असतील! एकीचंही वाक्य आठवेना.

*

पुढचे दिवस मास्तरांनी पालथं पडून काढले. फुगा वर चढून मागच्या पडद्याला टेकावा म्हणून तोंड सतत जमिनीकडे. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा पलंग होता. फरशीतून लेकीच्या बर्नरची फरफर ऐकू यायची आणि ते कान देऊन ऐकत. "घाईने फुंकतेय," असं उशीला सांगत.

मी जाऊन जमिनीवर बसायची, म्हणजे माझं तोंड त्यांच्या तोंडाखाली यायचं.

"दिसतंय काही?"

"डुचमळणारं राखाडी पाणी. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, बुडबुडा आला की माल बाद. आता माझ्याच डोळ्यात फुंकून ठेवलाय, आणि वर म्हणतात हलू नका."

विनोद करत होते, पण चादर मुठीत आवळलेली असे. एकदा हळूच म्हणाले, "अंधार झाला तरी चालेल असं मनाला सांगून पाहिलं, राणीसाहेब. मन ऐकत नाही."

मग फुगा आटू लागला. बाटलीतल्या पाण्याची पातळी दिसावी तशी एक रेघ त्यांना दिसू लागली. रेघ रोज थोडी खाली सरके आणि तिच्या वर थोडं जग उघडं पडे. आधी छत. मग दाराची वरची चौकट. मग लेकीचं कपाळ. पण जे उघडं पडत होतं ते धुरकट होतं, आणि ते तसंच राहणार का, हे विचारायला कुणी धजत नव्हतं. शेवटी फुगा मोहरीएवढा झाला, आणि एका सकाळी नव्हता. पडदा जागेवर बसला आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. किती दिसतं ते तुमचं तुम्हीच पाहा.

मास्तर त्याच दिवशी दुकानात उतरले. लेकीने ज्योत बारीक केली. मी भट्टीपाशी होते, वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. कुणी बोलवलं नव्हतं, सगळे जमलो होतो.

त्यांनी फळीवरून एक नळी काढली. खिडकीशी गेले. उजेडाला धरली, बोटांत फिरवली. आणि हात थांबला.

वहिनींनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. मास्तरांचा हात त्या पहिल्या दुपारी थांबला होता अगदी तसाच थांबला होता. त्यांनी नळी खाली घेतली. भिंतीकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावर नजर नेली आणि तिथे ती कितीतरी वेळ ठेवली. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही, बापाची नजर हलेल म्हणून. मग त्यांनी नळी पुन्हा वर धरली. डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. नळी हळूच फिरवली, आणि परत फिरवली.

त्यांनी ती लेकीच्या हातात दिली.

"परत पाठव. खोट काचेत आहे."